एकसष्ट अंश आणि जागेवाले

भांडी किती गरम पाण्यानं धुवावीत, या विषयावर माझ्याइतका विचार मोरोक्कोतल्या मेकनेस शहरात दुसऱ्या कोणी केला असेल असं मला वाटत नाही. त्या काळात लोक विचार करत होते ते फ्रेंच गेल्यावर कोणत्या खुर्चीवर कोण बसणार याचा. मी करत होते पाण्याचा. तोही हौसेनं नव्हे. भीतीनं.

सुरुवात आमच्या उस्तादांनी केली. उस्ताद म्हणजे माझे यजमान, सी जिलाली. मुलांच्या शाळेत विज्ञान शिकवायचे, आणि शाळा सुटली की उरलेलं विज्ञान घरी घेऊन यायचे. एका दुपारी ते आले ते कोटाच्या आतल्या खिशावर हात दाबून. मला वाटलं छातीत कळ आली. त्यांनी हळूच रुमालाची पुरचुंडी काढली, उलगडली, आणि आतून निघाला प्रयोगशाळेतला तापमापक. चांगला हातभर लांब.

“शाळेत डॉक्टरांचं व्याख्यान झालं,” ते म्हणाले. “गावात विषमज्वराची साथ आहे. बतूल, तू भांडी कशानं धुतेस?”

“पाण्यानं,” मी म्हणाले.

“किती अंशाच्या?”

लग्नाला पाच वर्षं झाली होती. या पाच वर्षांत नवऱ्यानं मला पुष्कळ काही विचारलं होतं, पण हे नव्हतं. मी म्हणाले, “नळाच्या.”

“थंड!” ते असे ओरडले की जणू मी ताटल्या गटारात बुचकळत होते. “यापुढे साठ अंश. साठ अंशाला जंतू मरतात.”

माझ्या सासूबाई, लल्ला तामू, कोपऱ्यात गादीवर बसून सुक्या पुदिन्याची पानं खुडत होत्या. माझ्या बाळंतपणासाठी त्या फास शहराहून आल्या होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, “आणि बाकीचे?”

“बाकीचे कोण, यिम्मा?”

“जे मरत नाहीत ते. चिडतात.”

उस्तादांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. माझ्या मात्र पोटात गोळा आला, आणि पोटात त्या दिवसांत गोळ्याला जागा नव्हती. सातवा महिना चालू होता. आधी दोनदा आशा लागून तुटली होती. या खेपेला मी जिने उतरायची तीसुद्धा प्रत्येक पायरीची परवानगी काढल्यासारखी.

आता हे बाकीचे कोण, ते सांगायला हवं. त्यांचं नाव आम्ही घेत नाही. म्हणताना ‘जागेवाले’ म्हणतो. जिथे पाणी वाहून जातं तिथे ते राहतात: मोरीत, नाल्यात, विहिरीच्या तोंडाशी. त्यांनाही संसार असतो. मोरीच्या तोंडाशी एखादी बाई पोराला पाजत बसलेली असायची, आणि वरून कोणी न सांगता उकळतं पाणी ओतायचं! कोणती आई गप्प बसेल? म्हणून आधी थोडं थंड पाणी सोडायचं, म्हणजे त्यांना सूचना मिळते. मग ‘बिस्मिल्ला’ म्हणायचं. मग बाजूला उभं राहून हळूहळू ओतायचं. माझ्या आईच्या घरी हे इतकं अंगात मुरलेलं होतं की चहाची किटली विसळतानाही आम्ही पुटपुटायचो. जी विसरली, तिचं काय झालं, याच्या गोष्टी प्रत्येक घरात वेगळ्या. पण एका बाबतीत सगळ्या गोष्टींचं एकमत होतं. ते बदला घेतात, आणि जिथे जास्त दुखेल तिथून घेतात.

माझं जास्त कुठे दुखेल, हे माझ्या ओढणीवरूनसुद्धा दिसत होतं.

तरी मी उस्तादांची आज्ञा मानली. विज्ञानाच्या मास्तरांची बायको जंतूंच्या बाजूची आहे असं शाळेत पसरायला नको. पण साठ अंशांची एक अडचण होती. साठ अंशाच्या पाण्यात हात जात नाही. मी उस्तादांना म्हणाले, तुम्ही घालून दाखवा. त्यांनी घातला, शांतपणे काढला, पाठीमागे लपवला आणि म्हणाले, “सवयीनं जमेल.” नंतर दिवसभर ते डाव्या हातानं लिहीत होते.

ही बातमी इमारतीत जायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावरची हनिया माझ्याच वयाची. तिला आमच्या घरातलं माझ्या आधी कळायचं. ती धापा टाकत खाली आली.

“वेडी आहेस का गं? पोटुशी बाईचे हात गरम पाण्यात घालतात? अंगातलं दूध आटेल. थंडच वापर आणि राखेनं घास.”

खालच्या मजल्यावरच्या हाज्जा रहीमोंचं मत उलट. “थंड पाण्यानं तूप निघतं होय? ताटली पुसून ताटलीलाच लागतं. उकळतं घ्यावं. मी जन्मभर उकळतंच घेतलं. पण बिस्मिल्ला म्हणून हं, मुली. एकदा विसरले होते, तर वर्षभर माझी डावी पापणी उडत होती.”

“माझ्या मते,” लल्ला तामू म्हणाल्या, “हम्मामच्या मधल्या खोलीइतकं.”

यावर सगळ्या बायकांनी माना डोलावल्या, कारण हे माप सगळ्यांना समजत होतं. हम्मामची, म्हणजे गावातल्या गरम न्हाणीघराची, पहिली खोली गार, शेवटची भाजून काढणारी, मधली बसून गप्पा मारण्याजोगी. उस्तादांनी विचारलं, “म्हणजे किती अंश?” लल्ला म्हणाल्या, “तू लहान असताना जिथे रडायचा थांबायचास तितके.”

तर असं घर चार तापमानांत विभागलेलं असताना ती दुपार उगवली.

लल्लांनी फासहून खलीअची मोठी बरणी आणली होती. वाळवलेलं मसालेदार मांस चरबीत शिजवून त्याच चरबीत मुरवून ठेवतात, तो पदार्थ. वर्षभर टिकतो, आणि त्याची चरबी तर आणखीनच टिकते. लल्लांनी ते सगळं तांब्याच्या मोठ्या पातेल्यात वितळवून लहान लहान बरण्यांत भरलं. उरलं ते पातेलं. आत बोटभर जाड थर, मेणबत्तीसारखा पांढरा आणि घट्ट.

“आता बघा,” उस्ताद हात चोळत म्हणाले. इतके खुशीत मी त्यांना आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. “थंड पाणी इथे काय करेल? काही नाही. आता विज्ञान काय करतं ते बघा.”

मी पाणी तापवलं, पातेल्यात ओतलं, चरबी वितळू दिली. उस्ताद तापमापक बुडवून वाकून उभे. आम्ही अगदी शस्त्रक्रियेला उभे राहिल्यासारखे. थंड पाण्याची सूचना मी नळातून देऊन ठेवली होती. पातेलं दोन्ही हातांनी उचललं, सिंकच्या काठावर टेकवलं, ओठ उघडले, आणि त्याच क्षणी उस्ताद म्हणाले, “बतूल, वाच बरं, किती झालं? मला चष्म्यातून वाफेत दिसत नाही.”

मी वाचलं. “एकसष्ट.”

आणि पातेलं कललं.

म्हणजे ज्या जागी बिस्मिल्ला यायला हवं होतं, तिथे मी म्हणाले एकसष्ट. उभ्या मोरोक्कोत जागेवाल्यांच्या डोक्यावर कढत चरबी ओतताना त्यांना आकडा सांगणारी मी पहिलीच असेन.

क्षणभर काही झालं नाही. मग पाइपाच्या आतून, खूप खोलवरून आवाज आला. आधी घरघर, मग लांबलचक हुंकार, आणि शेवटी अगदी माणसासारखा “आऽऽह.”

उस्तादांच्या हातातून तापमापक सुटला. फरशीवर पडून फुटला. आतला पारा उधळला आणि चांदीचे लहान लहान गोळे टुणटुणत कपाटाखाली, चुलीखाली, उंबऱ्याकडे पळाले. नेमक्या त्याच वेळी लल्ला तामू दारात आल्या. त्यांनी आवाज ऐकला, पळणारे गोळे पाहिले आणि दाराची चौकट धरून किंचाळल्या:

“पोरं! त्यांची पोरं पळतायत!”

मी पोट धरून मटकन खाली बसणार, तर उस्ताद ओरडले, “बसू नकोस! पारा विषारी असतो!” विज्ञानाकडून मला तेवढाच दिलासा मिळाला. मग ते स्वतः गुडघ्यांवर बसून कागदाच्या कपट्यांनी एकेक गोळा बरणीत ढकलू लागले. लल्ला दारातून हात जोडून सांगत होत्या, “हळू रे, हळू. एकाला दुसऱ्यापासून तोडू नकोस. आई वाट बघत असेल.” उस्तादांनी बरणीचं झाकण घट्ट लावलं तेव्हा लल्लांनी हंबरडा फोडला.

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी ती बरणी शाळेच्या भांडारात जमा केली. भांडारप्रमुखांनी बरणी उजेडात धरून पाहिली आणि पारा थोडा कमी असल्याचं सांगितलं. तापमापक कोणत्या प्रयोगात फुटला, असं विचारलं. उस्ताद म्हणाले, “द्रवांची उष्णता.” हे खोटं नव्हतं. पण घरी आल्यावर त्यांनी आरशात स्वतःकडे बघणं टाळलं.

इकडे माझं निराळंच सुरू झालं होतं. त्या दुपारपासून बाळ हलेना.

एरवी बाळ संध्याकाळच्या अजानच्या वेळी अशी लाथ मारायचं की माझ्या हातातली सुई वाकडी जायची. त्या संध्याकाळी काही नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी उजव्या कुशीवर झोपून पाहिलं, डाव्या कुशीवर, गोड खाल्लं, आंबट खाल्लं. उस्तादांनी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोटाला नळी लावली, ऐकलं आणि म्हणाले, “ठोके उत्तम आहेत. बाळ आराम करतंय. तुम्हीही करा.” मला पटलं नाही. ठोके चालू असतील. बदला घेणारे काय लगेच घेतात? आधी आवाज काढून बघतात, बाळाला गप्प करून बघतात, आईचं तोंड बघतात. मी असते तर असंच केलं असतं.

आणि आवाज तर थांबतच नव्हता. वर हनियानं पाणी सोडलं की आमच्या सिंकमधून हुंकार. खाली हाज्जांनी सोडलं की गुळगुळ. पाणी उतरायचं ते कण्हत कण्हत. अंगात बळ नसलेल्या म्हाताऱ्यासारखं. भाजलेल्या म्हाताऱ्यासारखं, असं लल्लांचं म्हणणं.

मग सल्ले सुरू झाले.

हनिया म्हणाली, जागेवाल्यांना मीठ चालत नाही, तेव्हा अळणी कुसकुस करून त्यांच्या दारात ठेव, राग जाईल. त्यांचं दार कुठलं? तर सिंकचं भोक. मी वाडगाभर गव्हाच्या रव्याचा तो अळणी कुसकुस वाफवून, क्षमा मागत मागत, भोकातून खाली सोडला. रात्रभर फुगला असावा, कारण सकाळी आवाज दुप्पट झाला.

“आवडला नाही,” हनिया गंभीरपणे म्हणाली. “कोरडा लागला असेल. वर दूध घाल.”

दूध घातलं. हाज्जा रहीमो म्हणाल्या, भाजल्यावर मेंदी लावतात, ती थंड असते. म्हणून ओंजळभर मेंदी कालवून सोडली. आता सिंकमधलं पाणी उतरायला अर्धी दुपार लागू लागली, आणि उतरताना जो हुंकार निघे तो ऐकून जिन्यावरची मांजर घर बदलून गेली. आम्हाला वाटायचं, त्यांचं दुखणं वाढतंय. कोणाच्याही मनात आलं नाही की आम्ही चरबी, कुसकुस, दूध आणि मेंदी असं पाइपात साग्रसंगीत थर लावत होतो.

तेवढ्यात हनियाला नवीन शंका आली. आमच्या घरात पूर्वी एक फ्रेंच मादाम राहायची. ती रोज शेवयांचं उकळतं पाणी सिंकमध्ये ओतायची, बिस्मिल्ला नाही की काही नाही.

“तिला कधी काही झालं नाही,” हनिया म्हणाली. “का?”

“का?” आम्ही सगळ्यांनी विचारलं.

“कारण हे पाइप फ्रेंचांनी घातलेले. आतले जागेवालेही त्यांचेच! आपण अरबीत क्षमा मागतोय. त्यांना कळतंय कुठे?”

हा विचार कोणीच केला नव्हता. लल्ला तामूंनी माझ्याकडे पाहिलं. “मादाम पाणी ओतताना काही म्हणायची का?”

“कोणाचा धक्का लागला की ‘पार्दों’ म्हणायची,” हनियाला आठवलं.

त्या दिवसापासून आमच्या इमारतीत तिन्ही मजल्यांवर पाणी ओतताना “बिस्मिल्ला, पार्दों” असं म्हणायची पद्धत पडली. लल्ला तामूंना आयुष्यात फ्रेंचांबद्दल एकही चांगला शब्द सुचला नव्हता. त्या आता सिंकपाशी उभ्या राहून, मान अदबीनं वाकवून, “पार्दों, मुसिये” म्हणायच्या आणि मागे वळून मला विचारायच्या, “हललं का?”

“नाही, लल्ला.”

त्या पुन्हा सिंककडे वळायच्या. “पार्दों, मादाम.”

उस्ताद हे सगळं वर्तमानपत्राआडून ऐकत. एकदा मात्र वर्तमानपत्र खाली आलं. “पाइप तुंबलाय,” ते म्हणाले. “इतकंच आहे. थंडीत चरबी गोठते. मी प्लंबर बोलावतो.”

प्लंबर, मुअल्लिम म्हणजे मिस्त्री बुश्ता, पिशवी खांद्याला लावून आला. भला दांडगा माणूस. सिंकखाली वाकला, पाइपाला कान लावला. वर कोणीतरी पाणी सोडलं असावं, कारण आतून मोठ्यानं “आऽऽह” आलं. बुश्ता सावकाश उठला.

“गरम पाणी गेलंय का?”

“गेलंय,” मी म्हणाले.

“नाव घेऊन?”

मी ओढणी पोटावर ओढली. त्यानं माझ्या पोटाकडे पाहिलं, मग पिशवीचा पट्टा खांद्यावर चढवला. “उस्ताद, मी लेकराबाळांचा माणूस आहे. पाइपात चरबी असेल तर मी, दुसरं काही असेल तर फकीह. आधी फकीहांना बोलवा. त्यांनी मोकळं केलं की मी मोकळं करतो.”

मशिदीत मुलांना कुराण शिकवणारे फकीह आले. म्हातारे, दृष्टी मंद, पण नाक तीक्ष्ण. सिंकपाशी उभे राहून त्यांनी दोन वेळा हुंगलं आणि म्हणाले, “मुली, इथे खलीअचा वास येतोय. बिस्मिल्ला म्हणत जा, आणि बुश्ताला बोलवा.”

“बुश्ता म्हणतो तुम्हाला बोलवा.”

“तो तसाच आहे. माझ्याकडे शिकायला होता तेव्हाही घाबरट.”

मग उस्ताद नगरपालिकेत गेले. तिथे काय झालं ते मला त्यांच्याकडून कधीच पूर्ण कळलं नाही. हाज्जांचे यजमान त्याच रांगेत होते म्हणून कळलं. खिडकीतल्या साहेबांनी विचारलं, तुंबलंय कुठे? घरात की रस्त्यात? घरात असेल तर मालकाचं काम, रस्त्यात असेल तर आमचं. उस्ताद म्हणाले, भिंतीच्या आत. साहेब म्हणाले, भिंत कोणाची? उस्ताद म्हणाले, भिंत दोघांच्या मधली. साहेबांनी पेन खाली ठेवलं. इतक्यात हाज्जांचे यजमान मागून ओरडले, “अहो उस्ताद, लाजता काय? सांगून टाका ना, तुमच्या बायकोनं कोणाला भाजलंय ते!”

रांगेत एकदम जागा झाली. उस्तादांच्या पुढे आणि मागे कोणी राहिलं नाही. खिडकीतल्या साहेबांनी खिडकी लावून घेतली, पण त्याआधी कुजबुजत विचारलं, “अळणी कुसकुस दिलात का?”

उस्ताद घरी आले ते थेट आतल्या खोलीत गेले. विज्ञानाच्या माणसाचा असा अपमान याआधी फक्त निरीक्षकांसमोर झाला होता.

शेवटी गोष्ट हाताबाहेर गेली ती खालच्या मजल्यावर. हाज्जा रहीमो आमच्या दारावर मुठी आपटू लागल्या. “वर येतंय! माझ्या सिंकमधून पांढरं पांढरं वर येतंय, त्याला केशरी रंग आहे, आणि त्यात दाणे आहेत!”

लल्ला म्हणाल्या, “पू झालाय.”

ते ऐकून माझा धीर सुटला. मी भिंतीला टेकून खाली बसले आणि रडू लागले. मी म्हणाले, माझं बाळ गेलं. ते तिथे पाइपात कण्हतायत आणि इथे माझं बाळ गप्प पडलंय, आणि दोन्ही एकाच दिवशी झालं. तुम्ही मला काय वाटेल ते सांगा. उस्ताद माझ्याजवळ येऊन फरशीवर बसले. त्यांना बोलायचं होतं, पण कोणतंही वाक्य सुरू झालं की त्यात अंश यायचे, म्हणून ते थांबायचे. मग त्यांनी माझ्या पायांवर स्वतःचा कोट टाकला आणि उठून गेले. परत आले ते एका हातानं फकीहांना आणि दुसऱ्या हातानं बुश्ताला धरून. “आता दोघं एकाच वेळी,” ते म्हणाले. “कोणी कोणाला बोलवायचं नाही.”

स्वयंपाकघरात सगळे जमले. बुश्तानं फकीहांना आपल्या आणि पाइपाच्या मध्ये उभं केलं, त्यांच्या काखेखालून हात घालून तार आत सारली. तार गेली आणि अडली. त्यानं ओढून काढली. टोकाला पांढरा, चिकट, मेंदीनं रंगलेला गोळा.

“चरबीच आहे,” तो म्हणाला. मोठा श्वास घेतला. “घट्ट बसलीय. तारेनं निघायची नाही. एकच उपाय आहे.”

“कोणता?”

“उकळतं पाणी. भरपूर. एकदम.”

चुलीवरची मोठी किटली, जणू तिला सगळं कळत होतं, वाफ सोडू लागली. आधी भाजलेल्यांवर पुन्हा उकळतं ओतायचं. तेही हळूहळू नाही, एकदम.

“मी ओततो,” उस्ताद म्हणाले आणि पुढे झाले. किटलीच्या दांड्याला त्यांनी हात लावला. मी त्यांच्या अगदी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं. ते ओठांतल्या ओठांत म्हणत होते, “बिस्मिल्ला, बिस्मिल्ला, बिस्मिल्ला.” मग थोडं थांबून: “पार्दों.”

हे ऐकून मी जितकी घाबरले तितकी त्या पाइपालाही घाबरले नव्हते. इतके दिवस मी भीत होते ते एका भरवशावर, की घरात एक तरी माणूस भीत नाही.

“बाजूला हो,” लल्ला तामू म्हणाल्या.

“यिम्मा, तुला नाही झेपणार.”

“तुला पोटात वागवलं ते झेपलं. बाजूला हो.”

त्यांनी डोक्याचा रुमाल घट्ट केला. पदरानं किटलीचा दांडा धरला. वाळक्या काडीसारखी बाई, पण ती जड किटली उचलली आणि सिंकपाशी गेली. आधी नळ सोडला. थंड पाण्याला वेळ दिला. मग भोकावर वाकून, शेजारणीशी बोलावं तशा स्वच्छ आवाजात बोलू लागली:

“ऐका जागेवाल्यांनो. बिस्मिल्ला. पार्दों. आता मी ओतणार आहे, तेव्हा पोरं बाजूला घ्या. ओतणारी मी आहे. नीट ऐका, तामू, फासच्या कातडी कमावणाऱ्या अलालची मुलगी. त्या दिवशीही चरबी माझीच होती, बरणी माझीच होती. सून आकडे वाचत होती, तिला वाचायला सांगणारा माझा मुलगा मूर्ख आहे. हिशेब असेल तो माझ्याशी करा. मी म्हातारी आहे, मला कुठून घ्यायचं ते घ्या. त्या पोराला हात लावायचा नाही.”

आणि ओतलं. सगळं, एकदम.

पाइप हादरला. आतून असा आवाज आला की फकीह बुश्तावर आणि बुश्ता कपाटावर आदळला. मग एक मोठा ढेकर, मग सुसाट आवाज, आणि सिंक रिकामं झालं. खालून हाज्जांची आरोळी आली, “उतरलं! उतरलं!” हनियानं जीभ फिरवून लग्नातली आरोळी ठोकली. आणि मग सगळे एकदम वळून माझ्या पोटाकडे बघू लागले. फकीहांनी सभ्यपणे भिंतीकडे तोंड केलं.

“हललं का?” लल्लांनी विचारलं. किटली अजून हातात.

मी वाट पाहिली. सगळ्यांनी पाहिली.

“नाही,” मी म्हणाले.

हनियानं चहा केला, कारण काहीतरी करायला हवं होतं. मला स्टुलावर बसवून तिनं पेला हातात दिला. मला ना प्यायची इच्छा होती ना धरायची ताकद, म्हणून मी तो पोटावरच टेकवून ठेवला. त्या महिन्यात पोटाचा तेवढा एक उपयोग होता. बुश्ता पिशवी भरत होता. उस्ताद ओल्या फरशीकडे बघत उभे होते.

आणि आतून लाथ बसली.

अशी लाथ की पेला उडाला आणि कढत चहा माझ्या मांडीवर सांडला. मी किंचाळले, “भाजले! भाजले!” आणि हसू लागले, आणि रडू लागले. लल्ला धावत आल्या, माझ्या पोटावर दोन्ही हात दाबले, आणि पुन्हा लाथ बसली, त्यांच्या तळव्यावर. त्यांनी डोळे मिटले.

“फिटलं,” हनिया ओरडली. “बघ, तू भाजलीस! न सांगता! तुझा हिशेब फिटला गं!”

“तिचा फिटला,” लल्ला तामू म्हणाल्या. “माझा व्हायचाय.”

मुलगी झाली. चांगली गुटगुटीत. लल्लांनी तिला उजेडात नेऊन हातापायांची बोटं तपासली, कानामागे पाहिलं, मग तिला माझ्या कुशीत ठेवून त्या स्वयंपाकघरात गेल्या. पलंगावरून मला त्यांचं हळू बोलणं ऐकू येत होतं. “मुलगी आहे. सगळं जिथल्या तिथे आहे. मी आहे इथेच.”

बाळाचा चाळिसावा दिवस झाल्यावर फासहून त्यांच्या बहिणीचा निरोप आला. अंगणातली नारिंगं पिकली, कधी येतेस? लल्लांनी उत्तर पाठवलं नाही. पुढचा महिना गेला. थंडी गेली. त्या फासची आठवण काढून डोळे पुसत, तिथल्या पाण्याची, तिथल्या हम्मामची, आपल्या खोलीची; पण गाठोडं बांधत नव्हत्या. स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात, भांडी त्यांच्या ताब्यात. मला सिंकजवळ उभं राहू देत नसत. खरं सांगायचं तर मला त्याचा राग येऊ लागला होता. शेवटी उस्तादांनीच चाचरत विचारलं, “यिम्मा, फासला कधी जायचं म्हणतेस? गाडीचं बघायला हवं.”

लल्ला पाळण्याला झोका देत होत्या. झोका थांबवला नाही.

“मी त्यांना माझं नाव सांगितलंय,” त्या म्हणाल्या. “आणि पत्ता इथला आहे. मी फासला गेले, आणि ते आले, तर या घरात त्यांना कोण सापडेल?”

उस्तादांनी पाळण्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. गाडीचं पुन्हा कोणी काढलं नाही.